चार दिवसांसाठी साडेनऊशे किलो

४ फेब्रुवारी

ठोक्या,

आधीच सांगते, हे रडगाणं नाही. ह्यांना जाऊन पाच महिने होत आले आणि सांत्वनाची पत्रं वाचून माझे डोळे थकलेत. हे कामाचं पत्र आहे. आमच्या जुन्या गाडीला मागे हुक आहे. आजारी पडायच्या आधी ह्यांनीच हौसेनं बसवून घेतला होता. त्याला ट्रेलर जोडून मला तुझ्याकडे यायचंय. चार दिवस राहीन म्हणते. थोडं सामान आहे, ह्यांची सुतारकामाची हत्यारंही आहेत, तुझ्या वर्कशॉपला उपयोगी पडतील.

तू आयुष्यभर लोकांच्या गाड्यांना हुक बसवत आलास, म्हणून तुलाच विचारते. हा हुक किती ओढेल हे कळायचं कसं? कॉलनीत ज्याला विचारावं तो छातीठोकपणे सांगतो, "काकू, बिनधास्त जा." बिनधास्त म्हणणाऱ्यांपैकी एकाच्याही गाडीला हुक नाही.

फोन करू नकोस. कानातलं यंत्र लावलं तरी फोनवर मला कोंबड्यांची झुंज लागल्यासारखंच ऐकू येतं. लिही.

वेळेवर जेवतोस ना? आणि वरच्या खोलीचा रंग वाळला का, की गेल्या वर्षापासून वाळतोच आहे?

अक्का

११ फेब्रुवारी

अक्का,

पाया पडतो, पण पत्रातूनच, कारण गुडघे आता वाकायचं नाव काढत नाहीत.

तू येतेस हे वाचून हातातला पाना खाली ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, काही वाईट बातमी?" म्हटलं, नाही हो, उलट.

आता हुकाचं. गाडी किती ओढू शकते ते गाडीच्या पुस्तकात असतं. हुकाचा आकडा हुकाला ठोकलेल्या पट्टीवर. हुकावर जो लोखंडी गोळा असतो, त्याचा स्वतःचा आकडा त्याच्याच अंगावर कोरलेला असतो. आणि ट्रेलरच्या पुढच्या दांड्याचं तोंड त्या गोळ्यावर बसतं, त्याचा निराळा. या सगळ्यांत जो लहानात लहान, तोच तुझा. लोक नेमका मोठ्यात मोठा वाचतात आणि मिशीला पीळ देतात. हुक दीड टनाचा असला म्हणून पाऊण टनाची गाडी काही पहिलवान होत नाही.

दुसरी गोष्ट दांड्याच्या भाराची. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं. थोडं पुढे दांड्यावर येतं आणि तिथून हुकावर. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के यायला हवं. कमी नको, जास्तही नको. हुकाच्या पट्टीवर याचाही आकडा असतो, वरून किती पेलेल त्याचा. मोजायचं कसं? घरात उभं राहून वजन करायचा काटा असेलच. सामान भरलेला ट्रेलर सपाट जागी उभा कर, चाकांना दगड लाव. काट्यावर लाकडाचा ठोकळा ठेव, वरचं टोक हुकाच्या उंचीला येईल असा, आणि त्यावर दांड्याचं तोंड टेकव. काटा दाखवेल तो दांड्याचा भार. एकूण वजन मात्र मोठ्या वजनकाट्यावर घ्यावं लागेल.

इकडे सगळं छान. जेवण वेळेवर. वरची खोली रिकामीच असते, रंग कधीच वाळला.

ठोक्या

२२ फेब्रुवारी

ठोक्या,

ह्यांच्या कारखान्याच्या आवारातच वजनकाटा आहे, कागदाचे ट्रक तोलतात तो. ट्रॅक्टरवाल्यानं ट्रेलर ओढून नेला. एकूण भरले नऊशे पन्नास. रिकामा किती, ते विचारू नकोस, रिकामा कधी तोललाच नाही.

मग दांडा. घरातला काटा म्हणजे ह्यांचा. डॉक्टरांनी रोज वजन बघायला सांगितलं होतं. रोज सकाळी मी हाताला धरून त्यांना त्यावर उभं करायची आणि दोघंही आकड्याकडे न बघितल्यासारखं करायचो. शेवटी शेवटी अठ्ठेचाळीस होते. त्यानंतर त्या काट्यावर कोणी पाय ठेवला नव्हता, मीही नाही. काल त्यावर ठोकळा ठेवून दांडा टेकवला, तर आकडा पस्तीस. मी तिथेच अंगणात बसले. कोणी बघत नव्हतं, म्हणून चांगलं रडून घेतलं. रडगाणं नाही म्हटलं होतं, ते विसर.

मग डोळे पुसले, गाडीला ट्रेलर जोडला आणि कालव्याच्या पुलापर्यंत चक्कर मारली. चढ छान गेला. उतारावर मात्र मागून कुणीतरी गाडी धरून हलवतंय असं वाटायला लागलं. आधी हळू, मग जोरात. समोरून येणारा सायकलवाला सायकल टाकून बाजूला पळाला. मी घाबरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तेव्हा कुठे ते थांबलं.

हे बरोबर आहे का? मी जड सामान मुद्दामच मागच्या टोकाला ठेवलंय. हत्यारांची पेटी, शिवणयंत्र, पुस्तकं, पाण्याचे कॅन. म्हटलं, हुकावर भार नको, बिचाऱ्या जुन्या गाडीला त्रास नको.

हुकाची पट्टी सापडली, पण तिच्यावर ह्यांनी गाडीबरोबर रंग फासून ठेवलाय. आकडा दिसत नाही. गाडीचं पुस्तकही बांधाबांधीत कुठे गेलंय.

अक्का

१ मार्च

अक्का,

बरोबर आहे का म्हणून काय विचारतेस! पुन्हा स्टेअरिंगला हात लावायच्या आधी हे पत्र नीट वाच, आणि घाईत ओळी गाळू नकोस.

जड सामान मागे नेलंस ना, तिथेच चुकलं. भार दांड्यावर कमी पडला की ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. वेग वाढला की आणखी जोरात. मग ट्रेलर गाडीमागे येत नाही, गाडीच ट्रेलरमागे फरफटत जाते. तू पाय काढलास म्हणून वाचलीस. घाबरून ब्रेक दाबला असतास तर आज मी पत्र कुणाला लिहिलं असतं? पुन्हा तसं झालं तर लक्षात ठेव, ब्रेक नाही, जोर नाही, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि गाडीला आपोआप मंदावू द्यायचं.

बाई गं, गाडीला त्रास नको म्हणून मागे ठेवलंस! हा उद्योग फक्त तूच करू जाणे. स्वतःच्या लग्नात पंगतीला शेवटची बसलीस, कारण वाढणाऱ्यांना त्रास नको. हुक पेलायलाच लावलेला असतो, त्याची कसली दया करतेस? जड सामान चाकांच्या किंचित पुढे, खाली, मधोमध आण. दोन्ही बाजूंना सारखं वाट. साडेनऊशेला दांड्यावर पंच्याण्णव ते एकशे चाळीस यायला हवेत. त्याच्या पुढे जाऊ नकोस, नाहीतर गाडीचं बूड बसेल, पुढची चाकं हलकी पडतील आणि गाडी धड वळणार नाही. पट्टीवरचा रंग खरवड.

आणि एक विचारू? चार दिवसांसाठी साडेनऊशे किलो? दगड आणतेस की काय भावाला?

रविवारी वर्कशॉप बंद असतं. रेडिओ लावून बसतो. परवा बातम्या देणाऱ्या बाईला मी "अच्छा, असं का" म्हणालो, चक्क मोठ्यानं. तू ये लवकर.

ठोक्या

१२ मार्च

ठोक्या,

जमलं! सगळं काढलं, पुन्हा भरलं. पेटी पुढे, शिवणयंत्र मधे, पाण्याचे कॅन रिकामे करून टाकले, वाटेत भरता येतील. दांड्यावर आता एकशे दहा. पुलाच्या उतारावर गाडी गाईसारखी शांत उतरली. सायकलवाला पुन्हा समोर आला होता. मला बघून आधीच उतरून उभा राहिला, मग मान हलवून गेला.

आता खरं सांगते. चार दिवस नाही. हे क्वार्टर कारखान्याचं आहे, ह्यांच्या नोकरीबरोबर आलेलं, एप्रिल संपायच्या आत रिकामं करून द्यायचंय. पहिल्यांदा लिहिताना सांगवेना. बहीण येतेय म्हटलं की माणूस खूश होतो, बहीण राहायला येतेय म्हटलं की विचारात पडतो. वहिनी गेल्या तेव्हा मी ह्यांच्या उशाशी बसले होते, तुझ्याकडे येऊ शकले नाही, ते मला आजही खातं. तुझी वरची खोली रिकामी आहे म्हणतोस. राहू का जरा?

बहिऱ्या माणसाला घर शांत झालेलं कळत नाही असं लोकांना वाटतं. कळतं रे. ऐकू येत नाही, पण दिसतं. पोस्टमन दार वाजवत नाही, खिडकीसमोर येऊन दोन्ही हात हलवतो. आठवड्यातून माझ्याकडे बघून हात हलवणारा तो एकटाच. तू पत्रं पाठवतोस म्हणून तोही येतो.

पट्टी खरवडायची राहिली. तू सांगशील तो आकडा.

अक्का

१७ मार्च

अक्का,

तुझ्या गाडीची चौकशी केली. त्या सालच्या गाड्यांना हलका हुक येतो. साडेसातशेच्या वर ओढायचं नाही. तुझे साडेनऊशे भरतात. तेव्हा ट्रेलर आणू नकोस. सामान कुणाकडे तरी ठेव. क्वार्टरची मुदत वाढवून माग, देतात. पावसाळ्यानंतर बसनं ये चार दिवस, मग बघू.

कामाची घाई आहे.

ठोक्या

२४ मार्च

ठोक्या,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी ह्यांची पटाशी घेऊन गाडीखाली आडवी झाले आणि पट्टी खरवडली. ओढायला दीड हजार, वरून पेलायला दीडशे. गोळ्यावरही दीड हजार कोरलंय. ट्रेलरच्या दांड्याच्या तोंडावर दीड हजार. गाडीचं पुस्तक चादरींच्या घडीत सापडलं, त्यात तेराशे. लहानात लहान तेराशे. माझे साडेनऊशे. तूच शिकवलंस.

साडेसातशे कुठून आणलेस?

आईनं दारावर आपल्या उंचीच्या खुणा केल्या होत्या, आठवतं? तू टाचा उचलून उभा राहिलास. नंतर स्वतःच रडत आलास आणि पुन्हा मोजायला लावलंस. अर्धं बोट कमी भरलास आणि मगच जेवलास. असला माणूस हुकाचा आकडा चुकत नाही. तो खोटा सांगतो तेव्हा त्याला दुसरंच काही सांगायचं असतं.

नको असेल तर नको म्हणायचं होतंस. एक शब्द पुरला असता. मी बहिरी आहे, मूर्ख नाही.

माझी काळजी नको. करते काहीतरी.

अक्का

१९ एप्रिल

अक्का,

रोज लिहायला बसलो आणि रोज कागद चोळामोळा करून टाकला.

आकडा खोटा होता. कमी सांगितला, जास्त नाही, एवढीच काय ती धंद्याची लाज राखली. तुला नको म्हणून नाही सांगितला. शपथ घेऊ का? घेतो, तुझीच.

वरची खोली नाही, अक्का. खालचीही नाही. ही गेल्यावर त्या घरात मला झोप लागेना. तिचा चष्मा खिडकीत तसाच होता, तो उचलायला हात होईना. भाड्याचं घर, मालकाला म्हटलं घ्या परत. तेव्हापासून वर्कशॉपमध्येच राहतो. मागच्या कोपऱ्यात खाट आहे, पुढे पडदा. कामाच्या बाकाच्या टोकाला शेगडी. उभ्यानं जेवतो, कारण बसलं की समोर कुणी नाही हे जास्त दिसतं. तुला लिहिलं नाही, कारण भावोजी अंथरुणाला खिळले होते आणि तू सगळं टाकून धावत आली असतीस. मग एकदा खोली रंगवली म्हणून लिहिलं, तुला बरं वाटावं म्हणून. पुढे ती खोली माझ्या पत्रांत इतकी पक्की झाली की मलाच कधीकधी वाटायचं, जिना चढून बघून यावं.

तू राहायला येते म्हणालीस आणि मी खाटेकडे बघितलं. वंगणाचा वास, वर पत्रा, दुपारी अंग भाजतं. तुला कुठे झोपवू? ये म्हणवेना, नको म्हणवेना. मग मला जे येतं तेच केलं, आकडा लिहिला.

तू कुठे आहेस? एप्रिल संपत आला. उत्तर दे. रागावून का होईना, दे.

ठोक्या

२७ एप्रिल

गाढवा,

एवढं सगळं एकट्यानं अंगावर काढलंस आणि मला खोलीच्या रंगाच्या थापा मारत राहिलास! वहिनींचा चष्मा मी उचलला असता रे. रडत उचलला असता, पण उचलला असता. तुझं पत्र वाचून मला राग आला, मग रडू आलं, आणि मग, देवा शपथ, हसू आलं. का ते ऐक.

मी तुला 'सामान' म्हणून लिहीत आले ना, ते सामान नाही. तो ट्रेलर म्हणजे घर आहे. चाकांवरचं घर. ह्यांनी निवृत्तीनंतर फिरायचं म्हणून सुट्टीच्या दिवशी बसून स्वतःच्या हातानं बांधलं. एक पलंग, एक घडीचं टेबल, दोन खिडक्या, ओटा एवढासा, त्याच्यावर मांजर झोपलं तर पोळपाट ठेवायला जागा नाही. एकदाही रस्त्यावर गेलं नाही. तुला सांगितलं नाही, कारण म्हातारपणी विंचवासारखं घर पाठीवर घेऊन निघाली म्हणून तू हसशील असं वाटलं. आणि खरं म्हणजे, घरच घेऊन येते म्हटलं तर परत जायची नाही हे तू ओळखशील, याची भीती होती. तू नसलेली खोली देत होतास, मी असलेलं घर लपवत होते. एकाच आईची लेकरं आपण.

क्वार्टरची चावी मी वीस तारखेलाच दिली. हे पत्र आतूनच लिहितेय. कारखान्याच्या भिंतीपलीकडच्या मोकळ्या जागेत उभी आहे. पहारेकऱ्याच्या बायकोला दया आली म्हणून पाणी मिळतं. पण इथे फार दिवस राहू देणार नाहीत. पुढे कुठे, ते ठरवलं नव्हतं. रोज सकाळी गाडीत बसायची, किल्ली हातात घ्यायची आणि कोणत्या दिशेला वळायचं ते न कळून पुन्हा आत येऊन चहा टाकायची. इतकं एकटं मला ह्यांच्या माघारीसुद्धा वाटलं नव्हतं. तेव्हा निदान तू होतास.

मला खोली नको, ठोक्या. खाट नको. तुझ्या वर्कशॉपच्या आवारात हे उभं राहील एवढी जागा आहे का, तेवढं सांग. लांबी दांड्यासकट पंधरा फूट, रुंदी सव्वासात. खरा आकडा सांग. जागा नसेल तर नाही म्हण, मी दुसरीकडे बघेन आणि रागावणार नाही. पोस्टमनला जागा दाखवून ठेवलीय.

अक्का

४ मे

अक्का,

पत्र मिळाल्या मिळाल्या टेप घेऊन बाहेर गेलो. आवारात जागा आहे. मागच्या भिंतीलगत जुने सायलेन्सर आणि मोडके हुक पडले होते, ते भंगारवाला घेऊन गेला. लांबी पंधराच्या जागी वीस मिळते. दुपारनंतर सावली असते. पाण्याचा नळ हाकेच्या अंतरावर आहे, विजेची तार मी आतून ओढून ठेवलीय.

पण फाटक सात फुटांचं निघालं. तुझं घर सव्वासात. पुन्हा मोजलं, टेप बदलून मोजलं. टाचा उचलल्या नाहीत. सातच.

मी तिथेच उभा राहिलो. खरं सांगू, माझ्या मनात आलंसुद्धा की लिहून टाकावं, फाटक लहान आहे, जमत नाही. आकडा खरा, आणि माझी सुटकाही झाली असती. एकटं राहायची सवय लागते माणसाला. वाईट लागते. कुणी येणार म्हटलं की आधी छातीत धस्स होतं, आनंद मागून चालत येतो. पण मग आत गेलो, शेगडीपाशी उभ्यानं दोन घास खाल्ले आणि ताट ठेवून पुन्हा फाटकापाशी आलो.

वाटेसाठी सांगतो. निघण्याआधी पुन्हा दांडा तोल, पाण्याचे कॅन भरलेस तर आकडा बदलेल. हुकाखालून दोन्ही साखळ्या एकमेकींवरून फुलीसारख्या घाल, दांडा निसटलाच तर त्या झेलतील. ट्रेलरचे दिवे मागे जाऊन स्वतः बघ. थोडं अंतर गेलीस की थांब आणि सगळं हातानं हलवून बघ. हळू ये. मागचे हॉर्न वाजवतील, तुला काय, तुला ऐकूच येत नाही. आणि मला तारीख कळव, पण यायची. जायची कळवू नकोस.

फाटकाचा डावा खांब मी काल पाडला. घण घालून, एकट्यानं, तासभर लागला, गुडघ्यांनी शिव्या दिल्या. शेजारचा टायरवाला धूळ बघून धावत आला. म्हणाला, "मिस्त्री, चांगला खांब पाडलात, एवढं मोठं येतंय तरी काय?"

मी म्हटलं, "बहीण."

फाटक आता लागत नाही. केव्हाही ये.

ठोक्या